परदेशातल्या मोफत शाळेला गावातून मदत : वर्गणीआधी पैशाची वाट ठरवा

बेळगावच्या ज्या गल्लीत गणपतीची वर्गणी दोन संध्याकाळींत गोळा होते, तिथे परदेशातल्या एखाद्या मोफत प्राथमिक शाळेसाठी लाखभर रुपये उभे करणे फारसे कठीण नाही. तो लाख कायद्याला धरून त्या शाळेच्या खात्यात पोहोचवताना मात्र नव्या माणसाची दमछाक होते. वर्गणीच्या कामात मुरलेली माणसे आपल्याकडे भरपूर आहेत, पण त्यांचा सगळा अनुभव पैसा गावात जमवून गावातच खर्च करण्याचा असल्यामुळे देशाची हद्द ओलांडणाऱ्या पैशाचे नियम वेगळे असतात हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्याही आले नव्हते. म्हणून या लेखात वर्गणी कशी मागावी हे शेवटाकडे ठेवले आहे आणि पैशाची वाट आधी घेतली आहे.

आमचा संबंध केनियातल्या किसुमूजवळच्या ऊसपट्ट्याशी आला. बेळगावची एस. निजलिंगप्पा साखर संस्था, निपाणी-संकेश्वर भागातले कारखाने आणि पलीकडचे कोल्हापूर यांतून तयार झालेले केमिस्ट व इंजिनिअर पूर्व आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांत नोकरीला जातात. निपाणीकडच्या अशाच एका केमिस्टने सुट्टीवर आल्यावर तिथल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी स्थानिक लोकांनी चालवलेल्या एका छोट्या शाळेची माहिती आम्हाला दिली. आपल्याकडच्या कोपींतली, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांतली, मुले डोळ्यांसमोर असल्यामुळे बाकीचे फार समजावून सांगावे लागले नाही. तुमचा देश आणि तुमची शाळा वेगळी असेल, परंतु भारतातून पैसे बाहेर जाण्याचे नियम बहुतेक सगळीकडे हेच लागू होतात, आणि शाळा पारखण्याची रीतही जवळपास हीच राहते.

पहिली पायरी : शाळा पारखून घ्या

पहिला प्रश्न गावातलेच लोक विचारतील आणि तो योग्यच आहे. केनियाने २००३ साली सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत केले, मलावीने १९९४ मध्ये आणि युगांडाने १९९७ मध्ये तेच केले. मग तिथे आणखी एक मोफत शाळा कशाला? याचे उत्तर त्या शाळेच्या आसपासच्या चार-पाच मैलांत शोधावे लागते. फी माफ झाली तरी गणवेश, वह्या, दुपारचे जेवण यांचा खर्च उरतो, सरकारी शाळा दूर असते किंवा वर्ग खच्चून भरलेले असतात, आणि मजुरांच्या वस्तीतले मूल मध्येच गळते. तुमच्या शाळेला यांपैकी नेमकी कोणती अडचण आहे हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर वर्गणी मागायला निघू नका.

त्यानंतर कागद मागवा. केनियात अशा शाळेची नोंद काउंटी शिक्षण मंडळाकडे असते, आणि शाळा चालवणारा स्थानिक गट असेल तर त्याची नोंद २०२२ च्या सामुदायिक गट नोंदणी कायद्याखाली झालेली असते. मोठी स्वयंसेवी संस्था असेल तर २०१३ चा लोकहित संस्था कायदा, जो प्रत्यक्ष अमलात मे २०२४ मध्ये आला, तो तिला लागू होतो. नोंदणीपत्र, बँक खात्याच्या नावाचा पुरावा, खात्यावर सही करणाऱ्या किमान दोघांची नावे आणि मागच्या वर्षाचा जमाखर्च, एवढ्या चार गोष्टी लेखी आल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुख्याध्यापक कितीही सज्जन असले तरी त्यांच्या वैयक्तिक खात्यावर किंवा मोबाइलवरच्या एम-पेसा खात्यावर पैसे पाठवायचे नाहीत. एम-पेसा २००७ पासून केनियात घरोघरी पोहोचलेले असल्यामुळे ते सुचवले जाणारच, आणि सुचवणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काहीही वाईट नसते. पण आपल्या बाजूला त्याचा पुरावा उभा राहत नाही.

दृक्-संवाद, म्हणजे व्हिडिओ कॉल, जरूर करा आणि तो शाळा चालू असताना करा. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा तिथे सकाळचे दहा वाजलेले असतात. आम्ही पहिल्यांदा बोललो तेव्हा आमच्या तात्यांनी फोन वर्गातून बाहेर न्यायला लावून पत्र्याचे छप्पर, पाण्याची टाकी आणि चूल दाखवायला सांगितली. चुलीवर ‘उजी’, म्हणजे पिठाची पातळ पेज, शिजत होती. पातेल्याच्या आकारावरून किती मुले रोज येतात याचा तात्यांनी बांधलेला अंदाज पुढे हजेरीपटाशी बराच जुळला. आयुष्यभर लग्नकार्यांत आचाऱ्याचे काम केलेल्या माणसाची नजर अशा कामी येते.

दुसरी पायरी : पैसा कोणत्या वाटेने जाईल ते ठरवा

परदेशी देणगीला विदेशी चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘फेमा’, लागू होतो. त्याखाली परदेशी पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना आहे. २००४ साली ती वर्षाला २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली आणि आज ती मर्यादा एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर आहे. भारतात राहणारी कोणतीही व्यक्ती या मर्यादेत परदेशी देणगी पाठवू शकते आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. मर्यादेची चिंता आपल्यासारख्यांना करण्याचे कारणच नाही. लक्ष द्यायचे ते ‘व्यक्ती’ या शब्दाकडे. ही योजना फक्त व्यक्तींसाठी आहे. मंडळ, ट्रस्ट, सोसायटी, भागीदारी पेढी किंवा एकत्र कुटुंब यांना ती खुली नाही. त्यामुळे ‘आधी संस्था नोंदवू, मग पैसे पाठवू’ हा आपल्याकडचा ठरलेला क्रम इथे उपयोगाचा नाही. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली सात जण मिळून संस्था नोंदवू शकतात, पण नोंदवलेली संस्था या योजनेतून एक डॉलरही बाहेर पाठवू शकणार नाही.

दुसरी अट याहून अडचणीची आहे. पैसे पाठवणाऱ्याने बँकेत भरायच्या ‘ए-टू’ अर्जासोबत एक घोषणापत्र असते आणि त्यात पाठवली जाणारी रक्कम माझ्या स्वतःच्या मालकीची आहे, असे लिहून द्यावे लागते. आता शंभर घरांतून पाचशे-पाचशे रुपये गोळा करून खजिनदाराच्या खात्यात ठेवले आणि त्याने आपल्या नावाने पाठवले, तर ते घोषणापत्र खोटे ठरते. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून एका वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम एखाद्याच्या खात्यात विनामोबदला आली, तर आयकराच्या दृष्टीने ते त्याचे उत्पन्न समजले जाऊ शकते. सद्हेतूने काम करणारा खजिनदार असा दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडतो.

आम्ही नेमके हेच केले होते. पहिल्या वर्षी एका कार्यक्रमात ६१,००० रुपये रोख जमले, पावत्या फाडल्या, टाळ्या झाल्या आणि सोमवारी पिशवी घेऊन बँकेत गेलो. परकीय चलनाच्या टेबलावरच्या बाईंनी घोषणापत्राचे ते एक वाक्य आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतले आणि विचारले, “हे पैसे तुमचे आहेत का?” नाही म्हटले. मग पुढचे तीन महिने स्थळप्रती हातात घेऊन घरोघरी पैसे परत करत फिरलो. त्यातले सुमारे ४,००० रुपये परत करता आलेच नाहीत, कारण त्या पावत्यांवर आम्हीच मोठ्या ऐटीत ‘एक हितचिंतक’ असे लिहिले होते. ते पैसे ठराव करून गावातल्याच शाळेच्या ग्रंथालयाला दिले आणि तसा कागद मंदिराच्या फलकावर लावला. ‘एक हितचिंतक’ ही पावती त्या दिवसापासून बंद आहे. ज्याला नाव जाहीर नको त्याचे नाव जाहीर करत नाही, पण पावतीवर ते असतेच.

तिसरी गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण सुचवणारा माणूस ती अगदी सहज सुचवतो. आमच्या केमिस्टनेच म्हटले होते, “तुम्ही कशाला बँकेच्या पायऱ्या झिजवता? मी इथे माझ्या पगारातून शाळेला शिलिंग देतो, तुम्ही तेवढे रुपये निपाणीत माझ्या आईच्या हातात द्या.” ऐकायला हे घरगुती वाटते, पण कायद्याच्या भाषेत ही हवाला आहे. फेमाच्या कलम ३ ने असा परस्पर व्यवहार मना केला आहे आणि कलम १३ खाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. त्याला स्वतःच्या पगारातून तिथे देणगी द्यायची असेल तर त्याने खुशाल द्यावी. त्या बदल्यात इकडे कोणाच्याही हातावर काही ठेवायचे नाही.

यानंतर ज्या दोन वाटा उरतात, त्यांपैकी एक प्रत्येकाने आपल्या खात्यातून आपल्या नावाने पाठवण्याची आणि दुसरी परदेशात खर्च करण्याची मान्यता असलेल्या भारतीय ट्रस्टला देण्याची. आम्ही दोन्ही वापरतो.

तिसरी पायरी : भिशीची पाळी, पण पैसा ज्याचा त्याच्या खात्यात

पाचशे रुपये एकट्याने परदेशी पाठवणे परवडत नाही, कारण बँकेचे शुल्क त्याहून जास्त होऊ शकते. म्हणून नियमित देऊ शकणारी थोडी माणसे निवडून त्यांची पाळी लावायची. आमची बारा घरे आहेत. काही शहापूरची, काही येळ्ळूरची, दोन खानापूरची आणि एक निपाणीचे. प्रत्येकाने बँकेत स्वतःच्या नावावर दरमहा २,००० रुपयांची बारा महिन्यांची आवर्ती ठेव उघडली आहे. ठेव पुरी झाली की ज्याचे त्याचे २४,००० रुपये ज्याच्या त्याच्या खात्यात येतात आणि तोच ते शाळेला पाठवतो. घोषणापत्रावर सही करताना हात अडखळत नाही. व्याजाचा दर साडेसहा टक्के धरला तर आठशेच्या पुढे व्याज सुटते आणि बँकेच्या शुल्काला त्याचा हातभार लागतो.

बारा जणांचे चार-चारांचे तीन गट केले आहेत, कारण केनियाच्या शाळांचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि त्यात तीन सत्रे असतात. एका गटाच्या ठेवी डिसेंबरात, दुसऱ्याच्या एप्रिलमध्ये आणि तिसऱ्याच्या ऑगस्टमध्ये संपतात, त्यामुळे प्रत्येक सत्राच्या आसपास शाळेला ९६,००० रुपयांची मदत निघते आणि वर्षाला ती २,८८,००० रुपयांची होते. पहिली ठेव पुरी व्हायला अर्थातच वर्ष लागते; त्या वर्षात शाळेला काहीही कबूल करू नका. कबूल केलेली पेज वेळेवर पोहोचली नाही तर तिथे पातेले रिकामे राहते.

भिशीची पाळी आपल्या हाडीमाशी भिनलेली असल्यामुळे ही रचना लोकांना चटकन समजते, पण प्रत्यक्ष भिशी मात्र लावू नका. भिशीत लवकर उचलणाऱ्याच्या हातात दुसऱ्यांचे पैसे असतात आणि घोषणापत्राचा प्रश्न पुन्हा उभा राहतो; शिवाय १९८२ च्या चिट फंड कायद्याची कटकट वेगळी.

चौथी पायरी : लहान देणगीदारांचा पैसा

शंभर-दोनशे देणाऱ्यांना वगळून चालणार नाही. ते वगळले की काम बारा घरांचे खाजगी होते आणि गावाचे राहत नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. भारतातल्या धर्मादाय ट्रस्टने परदेशात केलेला खर्च एरवी करमाफीस पात्र धरला जात नाही; परंतु भारताला स्वारस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय कल्याणाच्या कामासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ तशी मान्यता देऊ शकते. अशी लेखी मान्यता हाती असलेला आणि त्या देशात शिक्षणाचे काम करणारा ट्रस्ट शोधावा, मान्यतेच्या आदेशाची प्रत मागावी आणि आदेशात तुमच्या प्रकारचे काम व चालू काळ बसतो की नाही हे सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे. प्रत दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याला नमस्कार करून निघावे. पैसे आपण जमवायचे नाहीत. ट्रस्टचाच क्यूआर फलक टेबलावर ठेवायचा, देणगी थेट तिकडे जाईल आणि पावतीही तिकडूनच येईल. आपल्या वहीत फक्त नाव, रक्कम आणि तारीख राहील.

असा ट्रस्ट मिळाला नाही तर लहान देणग्या सरळ इथल्या शाळेसाठी मागाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात मराठी शाळांचा पट घसरतो आहे आणि एकाच शिक्षकाकडे तीन-चार वर्ग आहेत हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि ‘आपली शाळा ओस पडली असताना आफ्रिकेला कशाला’ हा टोमणा तुम्हाला पहिल्याच घरी ऐकू येईल. आम्ही त्याला उत्तर देत बसत नाही. डाव्या पेटीवर खानापूरच्या एका शाळेचे नाव आणि उजव्या बाजूला परदेशी शाळेसाठी आवर्ती ठेव उघडू इच्छिणाऱ्यांची नोंदवही, अशी मांडणी करतो. टोमणा मारणारा बहुधा डाव्या पेटीत काहीतरी टाकून जातो.

करसवलतीविषयी एकच वाक्य पुरे : परदेशी शाळेला थेट पाठवलेल्या देणगीवर ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मिळत नाही, आणि हे देणाऱ्याला आधीच सांगावे. ‘एफसीआरए’चे नाव काढून कोणी घाबरवले तर तो २०१० चा कायदा परदेशातून भारतात येणाऱ्या देणग्यांचा आहे, बाहेर जाणाऱ्यांचा नाही, एवढे लक्षात असू द्या.

पाचवी पायरी : बँकेत

आपल्या भागात अनेकांचा पैसा पतसंस्थेत किंवा ‘सौहार्द’ या कर्नाटकातल्या सहकारी संस्थांमध्ये असतो. तिथून परदेशी पैसे जात नाहीत. परकीय चलनाचा अधिकृत परवाना असलेल्या बँकेत बचत खाते लागते आणि तिच्याही प्रत्येक शाखेत हे काम होत नाही; निपाणी, चिक्कोडी किंवा खानापूरच्या लहान शाखेतून कागद मोठ्या शाखेकडे पाठवले जातात आणि तेवढे दिवस वाढतात. म्हणून आवर्ती ठेव उघडण्यापूर्वीच आपल्या शाखेत हे काम कोण पाहते ते विचारून ठेवा.

बरोबर पॅन कार्ड, ए-टू अर्ज आणि घोषणापत्र, शाळेचे नोंदणीपत्र, तिच्याकडून आलेले मदतीच्या मागणीचे पत्र आणि खात्याचा तपशील एवढे न्यावे. केनियात ‘आयबॅन’ हा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक वापरात नाही, त्यामुळे खाते क्रमांक, बँकेचे व शाखेचे नाव आणि स्विफ्ट कोड द्यावा लागतो. अर्जात उद्देशाचा सांकेतिक क्रमांक असतो : परदेशी धार्मिक व धर्मादाय संस्थांना देणगी असेल तर ‘एस १३०३’ आणि व्यक्तिगत भेट वा देणगी असेल तर ‘एस १३०२’. शाळेसाठी पहिला लिहावा.

खातेधारकाचे नाव अक्षरशः पासबुकात असेल तसेच भरावे. आमच्यातल्या एकाने अर्जात शाळेचे नाव लिहिले, खाते मात्र शाळा चालवणाऱ्या गटाच्या नावावर होते. पैसे तिकडच्या बँकेने स्वीकारले नाहीत आणि काही आठवड्यांनी शुल्क कापून परत आले. दरम्यान डॉलरचा भावही हलला होता. शाळेच्या मागणीपत्रातच ‘ही शाळा अमुक गट चालवतो व खाते त्या गटाच्या नावे आहे’ हे वाक्य घालून घ्यायला आम्ही तेव्हापासून शिकलो.

खर्चाचे चार तुकडे असतात आणि ते वेगवेगळे विचारावेत : बँकेचे पाठवणी शुल्क, रुपयांचे डॉलर करताना लावलेल्या दरातला फरक, चलन बदलावरचा जीएसटी आणि वाटेतल्या मध्यस्थ बँकेची कपात. जीएसटी किरकोळ असतो. २४,००० रुपयांवर ४५ रुपये आणि एक लाखावर १८० रुपये. दरातला फरक मात्र दिसत नाही आणि खिसा तोच कापतो, म्हणून त्या दिवसाचा बाजारभाव आणि बँकेचा भाव शेजारी-शेजारी लिहून दोन-तीन बँकांत विचारावे. मध्यस्थ कपात कोणी सोसायची याचे तीन पर्याय अर्जावर असतात. सगळा भार पाठवणाऱ्याकडे हा पर्याय निवडला तर शाळेला ठरलेली रक्कम पोहोचण्याची शक्यता वाढते. उगमस्थानी गोळा होणारा २० टक्के कर, म्हणजे टीसीएस, १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर लागतो, त्यामुळे आपल्यासारख्या पाठवणाऱ्यांना त्याची झळ पोहोचत नाही.

सहावी पायरी : माणसे कशी जोडावीत

आता वर्गणीकडे, किंवा खरे तर माणसांकडे, वळू. मागण्याचा हंगाम महत्त्वाचा. श्रावणापासून अनंत चतुर्दशीपर्यंत प्रत्येक घराने चार-चार मंडळांच्या पावत्या घेतलेल्या असतात. तेव्हा जाऊ नये. भाताची सुगी संपली, पोती घरात आली आणि थंडी पडली की माणूस निवांत बसून ऐकतो. याच दिवसांत उचगाव, कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांची साहित्य संमेलने भरतात आणि वाचणारी, ऐकणारी, शिक्षकी पेशातली माणसे एका मांडवाखाली येतात. संयोजकांची आधी परवानगी घेऊन पुस्तकविक्रीच्या बाजूला एक टेबल मांडता येते. केनियाचे शालेय वर्षही जानेवारीतच सुरू होत असल्याने ‘परवा तिथली शाळा उघडली’ असे सांगत बोलणे सुरू करता येते.

१ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषिकांचा काळा दिवस) आणि १७ जानेवारी (सीमालढ्याचा हुतात्मा दिन) या तारखा सोडाव्यात. त्या दिवसांचे सीमाभागातले वातावरण आणि बंदोबस्त वेगळा असतो, आणि त्यात शाळेचे काम ओढले गेले तर ते शाळेचे राहत नाही. पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हींत काढावे. आम्हाला सुरुवातीला ते ओझे वाटले, पण मराठीतली ‘देणगी’ आणि कन्नडमधली ‘देणिगे’ यांत कितीसे अंतर आहे? आज बारांपैकी तीन घरे कन्नड भाषिक आहेत आणि बँकेतल्या, नोंदणी कार्यालयातल्या कामांत त्यांचाच आधार मोठा आहे.

बोलताना दया मागू नये. केनियात लोकांनी एकत्र येऊन शाळा उभारण्याला ‘हराम्बे’ म्हणतात. सगळ्यांनी मिळून ओढायचे असा त्याचा भाव आहे, तो शब्द त्या देशाच्या राजचिन्हावर आहे आणि स्वातंत्र्यानंतर तिथल्या अनेक शाळा अशाच लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या. म्हणजे ती शाळा आपली वाट पाहत बसलेली नाही. ते ओढत आहेत आणि आपण दोराला एक हात लावतो आहोत, असे सांगितले की ऐकणाऱ्याची मान ताठ राहते. मुलांची छायाचित्रे जपून वापरावीत. केनियात २०१९ चा माहिती संरक्षण कायदा आणि २०२२ चा बाल कायदा आहे. पालकांची लेखी संमती शाळेने घेतलेली नसेल तर चेहरा दिसेल असे छायाचित्र पत्रकावर छापू नये. आम्ही फक्त चूल, टाकी आणि नव्या बाकांचे छायाचित्र लावतो.

कशासाठी मागायचे, यावर आमच्यात पुष्कळ वाद झाले. इमारतीसाठी पैसा लवकर मिळतो, कारण दात्याला भिंत दिसते. पण शाळा बंद पडते ती बहुधा रोजचा खर्च भागला नाही म्हणून. शिक्षकाच्या मानधनाची हमी तीन वर्षे देता येत असेल तरच ती द्यावी, नाहीतर नवा शिक्षक नेमून वर्षभराने त्याला घरी बसवण्याचे पाप आपल्या माथी येते. आमच्या बारा घरांनी पेज, दुपारचे ‘गिथेरी’, म्हणजे मका आणि घेवड्याची उसळ, आणि वह्या एवढेच उचलले आहे. एकदाच टाकीसाठी अपवाद केला, कारण त्या भागात मोठा पाऊस मार्च ते मे पडतो आणि छपराचे पाणी साठवायचे तर टाकी त्याआधी बसायला हवी होती. धान्य, वह्या, पत्रे तिथेच विकत घ्यावेत. इथून सामान पाठवण्याचा मोह होतो, पण तिकडच्या जकातीत अडकलेले खोके सोडवायला शाळेलाच पैसे घालावे लागतात.

सातवी पायरी : हिशेब

पैसा ज्याचा त्याने पाठवला तरी हिशेब एकत्र ठेवावा. साधी कीर्द वही पुरते : पाठवणाऱ्याचे नाव, तारीख, रुपये, त्या दिवसाचा डॉलरचा दर, कापलेले शुल्क, बँकेच्या स्विफ्ट संदेशाचा क्रमांक, आणि सर्वांत उजवीकडचा रकाना शाळेच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेल्या शिलिंगांचा. हा शेवटचा रकाना शाळेने आपल्या बँक विवरणाची प्रत पाठवल्यावरच भरायचा, फोनवर ‘पोहोचले’ म्हटले म्हणून नाही. सत्र संपल्यावर शाळेकडून खर्चाच्या पावत्यांची छायाचित्रे मागवावीत. पहिल्यांदा मागताना आम्हाला संकोच वाटला होता. मग आम्हीच आधी आमच्या वहीचे पान त्यांना पाठवले, आणि त्यांच्याकडून मक्याच्या व्यापाऱ्याची पावती न मागता आली.

वर्षातून एकदा, सुगीनंतरच्या एखाद्या रविवारी, बारा घरे आणि ट्रस्टमार्फत देणारे लोक यांच्यापुढे वही उघडी ठेवतो. मागच्या खेपेला येळ्ळूरच्या एका अक्कांनी चष्मा लावून उजवा रकाना वरपासून खालपर्यंत बोटाने मोजला, दोन ओळींच्या मध्ये थांबून “हे एप्रिलचं अजून रिकामं का?” म्हणून विचारले, आणि विवरणाची प्रत त्याच रात्री मागवून घ्यावी लागली.